पाण्याच्या वळणावरचं करवंद

खोली दाखवताना त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, बायको-पोरं कुठे असतात तेही विचारलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, बी चावायची सवय तं नाही ना तुमाले?"

मला काहीच समजलं नाही. मी म्हटलं, "मला कसलंच व्यसन नाही."

"व्यसनाचं कोन विचारून राह्यलं? करवंदाची बी. काही लोकं कचाकचा चावते. अशा मानसाले मी खोली देत नाही."

मे महिना होता. त्यांच्या पत्नीने, म्हणजे पुढे मी ज्यांना मावशी म्हणू लागलो त्यांनी, आतून ताटलीभर काळीभोर करवंदं आणली. घरमालकांनी स्वतः ओल्या मातीचं एक पसरट टोपलं माझ्यासमोर सरकवलं. करवंद तोंडात टाकायचं, गर खायचा आणि बिया तोंडातून सरळ मातीत सोडायच्या. हातात घ्यायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत, वाळवायच्या तर मुळीच नाहीत. करवंदाची बी ताजी असेल तरच उगवते, चार-आठ दिवस कोरडी पडली की संपली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण कृषी पदविका घेतलेला मी, होणाऱ्या घरमालकासमोर मांडी घालून मातीत थुंकत बसेन, असं पुस्तकात कुठे नव्हतं. टोपलं भरलं तेव्हा त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. खोली मिळाली, असा त्याचा अर्थ होता.

ते एसटीचे निवृत्त कंडक्टर. गावात सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत, मी काका म्हणायचो. त्यांचं नाव लिहीत नाही. ते आहेत, आवाज अजून खणखणीत आहे, आणि या लिखाणात लाज वाटण्यासारखं जे आहे ते माझं आहे, त्यांचं नाही.

मी कृषी सहायक. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना काय करावं ते सांगायचं, हे माझं काम. घर नेरला, बायको तिथे शाळेत शिक्षिका, आणि बदली महागावला. म्हणून खोली.

त्यांच्या परसात करवंदाच्या रोपांच्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीला तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी, तिला कंडक्टरच्या जुन्या पंचाने भोक पाडून तार ओवलेली, आणि पट्टीवर खिळ्याने कोरलेलं नाव. तलाठी. पोस्टमन. गॅसवाला. जावई. ज्याने बिया थुंकल्या त्याची ओळ. कोणीही घरी आलं की आधी टोपलं पुढे यायचं, मग चहा. जावयाच्या ओळीत एकही रोप नव्हतं.

"चावते तो," काका म्हणाले. "पोरगी देल्यावर समजलं."

माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा तिलाही टोपलं मिळालं. ती लाजून पदर तोंडाला लावू लागली, तर मावशी म्हणाल्या, "लाजू नको बाई, याहीनं लग्नाच्या पंगतीत याह्याच्या सासऱ्याले थुंकाले लावलं होतं." सासरा म्हणजे मावशींचे वडील. पुढच्या खेपेला बायको आली तेव्हा तिची ओळ माझ्या ओळीपेक्षा दाट उगवली होती. काकांनी ते मला इतक्यांदा दाखवलं की शेवटी मी तिकडे बघणं सोडलं.

या सगळ्याचं मूळ पुसदकडच्या डोंगरातल्या एका वळणावर होतं. काका त्या मार्गावर बरीच वर्षं होते. घाट चढताना गाडी तापायची. एका ठरलेल्या वळणावर ड्रायव्हर गाडी उभी करायचा, रेडिएटरचं झाकण फडक्याने उघडायचा, वाफ जाऊ द्यायचा आणि पाणी भरायचा. दहा मिनिटं मोडायची. त्या दहा मिनिटांत प्रवासी बिड्या ओढायचे आणि काका उतारावरच्या करवंदाच्या जाळ्या चाखत फिरायचे. उन्हाळ्यामागून उन्हाळे. डोंगरातली प्रत्येक जाळी त्यांना चवीने पाठ होती. अमकी तुरट, तमकीचा चीक ओठाला चिकटतो, तिसरी गोड पण फळ मुगाएवढं.

आणि त्याच वळणावर, रस्त्याच्या अगदी कडेला, एक जाळी होती. तिचं फळ मी एकदाच खाल्लं आहे, भाडेकरू झाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात, त्यांच्याबरोबर जाऊन. करवंद म्हटलं की गोडाच्या मागे आंबट येतंच. ते आलं नाही. मी वाट पाहत राहिलो आणि ते आलंच नाही. चीकही नावापुरता. काका माझ्या तोंडाकडे असे पाहत होते, जसं एखादा डॉक्टर थर्मामीटरकडे पाहतो.

"आता सांगा," ते म्हणाले. "गोडी झाडाची का जाग्याची?"

हा त्यांचा प्रश्न होता. आयुष्याचा म्हणावा असा. बाजूच्या जाळ्या आंबट, ही एकटीच गोड, ती का? त्यांनी या जाळीच्या बियांपासून कितीतरी रोपं केली होती. फळं आली ती आंबट. पण बीचं काही खरं नसतं, बी म्हणजे बापाचंही आणि आईचंही. मग त्यांना शंका आली की ड्रायव्हर वर्षानुवर्षं रेडिएटरचं तांबूस पाणी तिच्या बुडाशी सांडत होता, गोडी त्याची असेल. त्यांनी घरी एका रोपाला दोन वर्षं लोखंडाचे खिळे बुडवलेलं पाणी घातलं.

"मग काय निघालं?" मी विचारलं.

"आंबट. पन गंजाचा वास नाही आला," ते समाधानाने म्हणाले. त्यांना कोणतंही उत्तर आवडायचं, ते खरं असलं की झालं.

मग वळणावरची माती पोत्यात भरून गाडीच्या टपावरून आणली, तिच्यात रोप लावलं. तेही आंबट. हे सगळं ते एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवत. अक्षर मोठं, शब्द थोडे. 'खिळा पाणी. दोन साल. आंबट.' एवढंच.

"याचा एकच उपाय हाय," ते म्हणायचे. "तीच जाळी इथं आनाची. तिची लेकरं नाही, तीच. इथल्या मातीत तिनं गोड फळ देलं तं गोडी झाडाची. आंबट देलं तं जाग्याची."

म्हणजे फांदीलाच मुळं फोडायची. कलम. फांद्या खुपसून ते हरले होते, करवंदाची काडी सहसा मूळ धरत नाही. गुटी बांधून पाहिली, फांदीची साल अंगठीसारखी काढून ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक बांधायचं, पावसात तिथे मुळं फुटतात. त्यांच्या गुट्या दर वर्षी कुजायच्या. मी माझ्या परीने औषधाची पूड आणून दिली, तरी कुजल्या. एका पावसाळ्यात त्यांनी काय केलं, साल काढली आणि शेवाळ न बांधता तसेच घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुन्हा गेले आणि मग बांधलं.

"चीक येते ना तिले," ते मला सांगत होते. "ताज्या जखमेवर आपन पट्टी बांधतो, चीक आत सडते. तिले एक रात्र रडू द्याचं. रडनं थांबलं का मंग बांधाचं."

मी हसलो. सप्टेंबरच्या शेवटी त्या प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती. पाच फांद्यांना. ते मला हाताला धरून घाटात घेऊन गेले होते. पाचही कलमं कापून आणली, पिशव्यांत लावली, घराच्या उत्तरेच्या पडवीत सावलीला ठेवली. प्रत्येकाला पत्र्याची पट्टी, नाव एकच. 'तीच.'

आता माझ्याकडे येतो.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. नागपूरला मुलीकडे महिनाभर राहायचं, मावशीही बरोबर. निघताना त्यांनी मला पडवीत नेलं.

"सकाळ-संध्याकाळ फक्त शिंपडाचं. बाकी हात लावू नका. काहीच शानपना करू नका."

"काका, माझं शिक्षणच त्याचं आहे."

"म्हून तं सांगून राह्यलो."

दहा-बारा दिवस मी शिंपडलं. दिवाळीला नेरला जायचं होतं, आठ दिवस. शेजारच्या कोणालाही सांगता आलं असतं. मला सांगायला जायचा कंटाळा आला. मग मी प्रशिक्षणात शिकलेलं आठवलं. पाचही पिशव्यांना भरपूर पाणी दिलं, वरून काठ्या रोवून पारदर्शक प्लास्टिकचा तंबू केला, चारही कडा विटांनी दाबल्या. आतली ओल आतच राहते, आठवडाभर पाहावं लागत नाही. शास्त्र बरोबर आहे. मी केलं ते मात्र सोयीसाठी, आणि स्वतःला सांगताना शास्त्र म्हणून सांगितलं.

पडवी उत्तरेची म्हणून मी निर्धास्त होतो. पण तिच्या एका टोकाला पश्चिमेची बाजू उघडी होती. दुपार कलली की तिथून ऊन आत यायचं. काका रोज दुपारी उठून तिथे गोणपाट लावायचे. निघताना तेवढं सांगायचं राहिलं, पण मी ते कित्येकदा पाहिलेलं होतं. पाहिलं होतं, लक्षात घेतलं नव्हतं.

भाऊबीज करून परतलो. तंबूच्या आत हात घातला तर वाफ लागावी तसं झालं. पानं तपकिरी, शिजल्यासारखी, हात लावताच गळाली. पाचही.

मी फोन करायला हवा होता. मोबाइल हातात घेतलाही होता. तेवढ्यात त्यांचाच फोन आला, डोळ्यावरचा काळा चष्मा निघाला म्हणून. "साहेब, तुमचा आवाज बी साफ दिसून राह्यला," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग विचारलं, "ते पाच कसे हायेत?"

"मजेत," मी म्हणालो.

त्या एका शब्दानंतर जे केलं ते मी दोन दिवस, शांत डोक्याने केलं. परसातलं रोप घेणं शक्य नव्हतं, प्रत्येक ओळ त्यांना मोजून ठाऊक होती. मी मोटारसायकलने एका रोपवाटिकेत गेलो. तिथे कुंपणासाठी करवंदाची दीड-दोन वर्षांची रोपं असतात. त्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीची पाच निवडली. घरी आणून कात्रीने शेंडे कापले, खालची पानं काढली, वाळलेल्या कलमांशी ताडून उंची जुळवली. मेलेली पाच पिशव्यांतून उपटली, त्यांच्या जागी ही लावली, पट्ट्या पुन्हा बांधल्या. वाळलेली घराच्या मागच्या नाल्यात टाकून दिली. या कामाला जेवढा वेळ लागला त्याच्या दहाव्या हिश्शात शेजाऱ्याला सांगून झालं असतं.

मला वाटत होतं, त्यांना ऑपरेशननंतर कमी दिसेल. ते परत आले ते भिंतीवरची पाल ओळखत. पडवीत जाऊन त्यांनी पाचही रोपं पाहिली. "मस्त जीव धरला," म्हणाले. मावशींनी माझ्यासाठी नागपूरहून संत्र्याची बर्फी आणली होती. मी ती खाल्ली.

हे इथवर राहिलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण हिवाळ्यात घाटाचा रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं. जानेवारीच्या शेवटी एक दिवस काका पुसदहून आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि ओट्यावर बसले.

"वळन गेलं," ते म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "कोनतं?"

"पान्याचं. मशिननं पुरा काठ कापला. जाळी बी गेली." ते ओले पाय पुसू लागले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं बाप्पा, आपन पाच आनून ठेवले."

तेव्हा सांगायला हवं होतं. नोव्हेंबरात सांगितलं असतं तर काम सुरू व्हायच्या आधी दोन महिने मिळाले असते, त्या दिवशी सांगितलं असतं तरी काही करता आलं असतं. मी म्हणालो, "हो ना काका." आणि आत जाऊन उद्याच्या शेतीशाळेचे कागद लावत बसलो.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला तेव्हा रोपं जमिनीत लावायची ठरली. त्यांनी दोन महिने आधीच खड्डे करून तापवले होते. पिशवी फाडायचा मान त्यांचा, पाणी घालायचा माझा. पहिली पिशवी फाडली, मातीचा गड्डा हातात घेतला आणि बोटाने खालची माती थोडी झटकली. मग थांबले. बराच वेळ नाही, पण थांबले. दुसरी फाडली, तिथेही तसंच. पाचही लावून झाली तेव्हा म्हणाले, "पानी घाला साहेब. जे हाय थे जगलं पाह्यजे."

मला ते वाक्य साधंच वाटलं.

पुढच्या वर्षी माझी बदली पांढरकवड्याला झाली. मी मागितली होती. निरोपाच्या दिवशी मावशी रडल्या. काकांनी भिंतीवर दोनदा टकटक केलं. त्यानंतर दर वर्षी त्यांचे फोन यायचे. फुटवे आले. काटे आले. गुडघ्याएवढी झाली. "येऊन जा एकदा, पाहून जा." मी म्हणायचो, येतो. बोंडअळीचे दिवस आहेत, पंचनामे चालू आहेत, मुलाची दहावी आहे. एकही कारण खोटं नव्हतं, ही माझी खासियत आहे.

गेल्या मार्चमध्ये फोन आला, फुलं धरली म्हणून. मेमध्ये पुन्हा आला.

"साहेब, फळं काळी झाली. मी अजून तोंडात टाकलं नाही. तुमच्यासाठी थांबलो."

मी गेलो.

ते थकले होते, पण प्रश्न थकले नव्हते. बसल्या बसल्या माझ्या मोटारसायकलचा आवाज बदलला काहून, इथपासून सुरुवात केली. मावशींनी पाणी दिलं. मग आम्ही परसात गेलो. पाच जाळ्या, कमरेएवढ्या, काट्यांनी भरलेल्या, आणि फळांनी लगडलेल्या. त्यांनी प्रत्येकीचं एक तोडलं, तळहातावर ठेवून माझ्यापुढे केलं. मी एक घेतलं, त्यांनी एक.

आंबट. कानशिलं आकसावीत इतकं. चीक ओठांना चिकटला. ते शांतपणे चघळत होते. पाचही जाळ्यांचं चाखून झालं. मग त्यांनी ओट्यावरची वही मागवली आणि ती माझ्या हातात दिली.

"लिहा," ते म्हणाले. "माझा हात थरथरते आता. लिहा, तीच जाळी, घरची माती, पाचही आंबट. म्हंजे गोडी जाग्याची होती. झाडाची नाही."

मी पेन उघडलं. 'तीच' एवढं लिहिलं. आधीची सगळी पानं त्यात होती, खिळ्याचं पाणी, पोत्यातली माती, आणि एकही ओळ खोटी नव्हती. आता शेवटची ओळ मी लिहिणार होतो. मावशी उन्हात वाळवण सावरत उभ्या होत्या.

"काका, ही ती नाहीत," मी म्हणालो. "ती पाच मी मारली. ही रोपवाटिकेतली आहेत."

मावशींचा हात थांबला. काका काही दचकले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि मिटली.

"सोटमूळ होतं," ते म्हणाले. "खाली सरळ, उंदराच्या शेपटासारखं. गुटीच्या झाडाले सोटमूळ कुठून येईन? पिशवी फाडली तवाच समजलं."

मी शेतकऱ्यांना हेच शिकवतो. बियांचं रोप सोटमुळाने ओळखा, कलमाला ते नसतं. शेंडे कापताना, पानं मोजताना, उंची ताडताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"पाह्यत होतो."

"काय?"

"आधी कोनाले येते. झाडाले फळ, का तुमाले बोलनं." त्यांनी ओठावरचा चीक अंगठ्याने काढला. "झाड जितलं. थोडक्यात."

मावशी म्हणाल्या, "चार वर्सं मले बी नाही सांगितलं या मानसानं," आणि वाळवण तसंच टाकून आत निघून गेल्या. ते माझ्यावर होतं की त्यांच्यावर, कळलं नाही.

"जूनमंदी समजलं तवा मी घाटात गेलतो," काका पुढे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मलबा खाली टाकला होता ना, त्याच्यात बुंधा भेटते का पाहाले. करवंद मुळातून फुटते. पन तोवर मलबा उचलून भरावात टाकला होता. त्याच्यावर डांबर. जानेवारीत समजलं असतं तं हातानं उकरून काढला असता."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं, जसं चुकीच्या थांब्यावर उतरणाऱ्याला थांबवावं.

"थे राहू द्या. मले सांगा, मेले कसे? पहिल्यापासून सांगा."

मग त्यांनी मला एक-एक विचारलं. तंबू किती उंच होता. ऊन किती वाजता यायचं. पानं आधी गेली का शेंडा. मी जेवढं आठवेल तेवढं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, मधून 'हं' म्हणत होते, एखादी नवी गोष्ट कळावी तसे.

"काडी खरवडून पाह्यली होती? नखानं? खाली हिरवं होतं?"

"नाही पाहिली."

"पिशवीतून काढली कशी?"

"बुडाशी धरून ओढली. मातीच्या गड्ड्यासकट बाहेर आली."

"गड्डा फुटला?"

मी आठवू लागलो. ते दृश्य मी इतकी वर्षं विसरायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे लख्ख आठवलं. "नाही. पाचही गड्डे अख्खे निघाले. तसेच उचलून टाकले."

काका पुढे वाकले. मग अगदी हळू म्हणाले, "माती मुळांनी धरली होती साहेब. मूळ नसतं तं माती सांडली असती. वरून शिजली, खालून जित्ती होती."

दोन महिने थोडं पाणी मिळालं असतं तर खालून फुटली असती. हे मला कोणीही शिकाऊ माळी सांगू शकला असता.

"कुठी टाकली?"

"मागच्या नाल्यात."

"पाहा, दिवाळीत नाल्याले ओल असते," ते म्हणाले आणि उठून चपला शोधू लागले.

नाला मेच्या उन्हात कोरडा ठाक होता. बेशरमाची झुडपं, बाभळीची पोरं, प्लास्टिक, आणि काटेरी काड्यांचा गुंता. किती पूर येऊन गेले असतील त्यातून. काका काठावरून बसत बसत उतरले. त्यांनी मला सांगितलं, काटा दिसला की काडी नखाने खरवडायची. पांढरा चीक आला तर हाक मारायची. मी जागा दाखवली, म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला. इथे असेल, किंवा त्या दगडापाशी. ते तिथून सुरुवात करून खालच्या अंगाला निघाले, पाणी जिकडे वाहून नेईल तिकडे.

आम्ही तासभर काड्या खरवडत होतो. सगळ्या कोरड्या निघत होत्या. माझ्या बोटांतून रक्त येत होतं, त्यांच्याही. शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, तुम्हाला माझा राग नाही आला?"

ते वाकलेलेच होते. एका काडीची साल काढून ती डोळ्याजवळ नेऊन पाहत होते.

"आला ना," ते म्हणाले. "अजून हाय. हात चालव."

मी पुढची काडी धरली.